साळव्यांचा राहिलेला शुक्रवार

दोहात, अल थुमामातल्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी साळवे कधी लिफ्टने आले नाहीत. जिन्याने यायचे आणि वाटेतला प्रत्येक कठडा हलवून बघायचे. फुटबॉल विश्वचषकासाठी उभ्या राहणाऱ्या एका स्टेडियमवर ते परांच्या तपासत. मजबूत परांचीला हिरवी पाटी, कच्चीला लाल. राहायला बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात, घरचे सगळे जालन्याला. शुक्रवारी आमच्याकडे मराठी प्रार्थना असे आणि उपदेश बहुधा साळवेच करत. त्यासाठी एक पांढरा शर्ट त्यांनी वेगळा ठेवला होता.

"लाल पाटी लावायच्या आधी मी स्वतः वर चढतो, ताई," ते म्हणत. "खालूनच लावली तर ती माझी भीती झाली, तपासणी नाही."

उपदेशातही तेच. ख्रिस्ती मंडळीच्या सुरुवातीच्या काळातली पाखंडी मतं हा त्यांचा आवडता विषय. एका शुक्रवारी त्यांनी पाखंड्यांची बाजू मांडली: देवाला शरीर कसं असेल? ख्रिस्त नुसता माणसासारखा दिसत होता, वधस्तंभावर त्याला दुखलंच नाही. गुडघ्यांनी बेजार झालेल्या माझ्या सासूबाई समाधानाने रडल्या. उत्तर पुढच्या शुक्रवारी देतो, म्हणून साळवे खाली बसले.

पुढच्या शुक्रवारी स्टेडियमवर सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. साळवे आले नाहीत, उत्तरही आलं नाही. "साळव्यांनी कच्च्या परांचीला हिरवी पाटी लावली," असं आमच्यातले ज्येष्ठ कदम त्या अर्ध्या उपदेशाबद्दल म्हणाले, आणि साळव्यांना पुन्हा उपदेशाला उभं करायचं नाही असं ठरलं. घर माझं, म्हणून सांगायचं कामही माझं. मी सांगितलं, आणि दोन्ही बाजू एकाच दिवशी उरकायला हव्या होत्या, हेही सुनावलं.

"मग पहिली बाजू कुणी नीट ऐकलीच नसती," एवढंच ते म्हणाले. त्यानंतरही दर शुक्रवारी आले. तोच शर्ट घालून मागे बसले, चहाचे कप विसळले.

स्टेडियम पूर्ण झालं तशी त्यांची नोकरी खलास. जाण्यापूर्वीच्या शुक्रवारी कप विसळताना मी विचारलं, तुमचं उत्तर होतं तरी काय?

"दिवसभर शिड्या चढून माझे पाय भरून येतात, ताई. ज्याला कधी दुखलंच नाही, त्याच्याकडे मी काय मागू?"

मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि बाहेर जाऊन कदमांना सांगितलं, साळव्यांचा एक शुक्रवार राहिलाय, बसा.

साळवे वीस मिनिटं बोलले. सासूबाई या वेळी रडल्या नाहीत. गुडघा चोळत शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.