तेल देऊन होईपर्यंत

मी एकवीस वर्षं नौदलाच्या तेलवाहू जहाजावर काढली. युद्धनौकांना भर समुद्रात डिझेल द्यायचं, हेच आमचं काम. वडील खोपटच्या एसटी डेपोत डिझेल पंपावर होते. मी पहिल्यांदा सगळं समजावलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे माझंच काम की. फक्त तुझ्या गाड्या थांबत नाहीत."

खरंच थांबत नाहीत. दोन्ही जहाजं दीडेकशे फुटांवर, एकाच वेगाने, शेजारी शेजारी चालत राहतात. आधी बारीक दोरी पलीकडे टाकायची, तिच्यामागून जाड दोर, मग तार, आणि तारेवरून रबरी नळी. पुढचे चार तास दोर धरून उभं राहायचं.

त्या सकाळी नळी जोडून झाली आणि आमचे अधिकारी जवळ आले. "घरून निरोप आलाय. तुझे वडील गेले." मग पलीकडे बोट दाखवत म्हणाले, "समोरच्या जहाजावर हेलिकॉप्टर आहे. तेल देऊन झालं की तुला पलीकडे पाठवतो. तोवर बस बाजूला."

मी बसलो नाही. बसून काय करणार होतो? दोर धरून उभाच राहिलो. रडू आलं नाही. नुसते दंड भरून आले.

काम आटोपल्यावर मला दोरावरच्या खुर्चीत बसवून पलीकडे ओढून घेतलं. खाली पाणी उसळत होतं. पलीकडच्या एका खलाशाने पट्टा सोडला, हातात चहा दिला. "मघाशी समोर तुम्हीच उभे होतात ना?" मी मान हलवली. इतकी वर्षं या जहाजाला तेल दिलेलं, पण त्यावर पाय पहिल्यांदाच ठेवला.

हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर, तिथून रेल्वेने, असा कळव्याला घरी पोचलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी. सगळं उरकलेलं. बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती जळत होती, आई चटईवर बसलेली.

"थांबलेलो रे तुझ्यासाठी," ती म्हणाली. "सकाळपर्यंत थांबलेलो. मग लोक म्हणाले, आणखी किती ठेवायचं?"

"बरं केलंत," मी म्हणालो.

दोराने तळहातांना फोड आलेले, भात कालवता येईना. आईने ताट पुढ्यात ओढलं आणि काही न विचारता घास भरवायला लागली. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो.

वडिलांचा जलदानविधी झाल्यावर मी परत जहाजावर गेलो. ते चार तास मी आईला अजून सांगितलेले नाहीत.