एक्स्चेंजमधली हवा

ऐंशीच्या दशकात बीडमध्ये टेलिफोनची मागणी एकाएकी वाढली. एक्स्चेंजमध्ये नवी यंत्रं आली. त्यांना धूळ चालत नाही म्हणून तळमजल्यावरच्या खोलीच्या खिडक्या कायमच्या बंद करून एसी बसवला. परगावचे ट्रंककॉल जोडणाऱ्या बायकाही त्याच खोलीत बसत.

मी तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि एम.फिल.साठी कामाच्या ठिकाणांतला रेडॉन मोजत होते. जमिनीतून झिरपणारा हा किरणोत्सारी वायू. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत साठतो, आणि वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसांना अपाय करू शकतो.

मोजायचं साधन म्हणजे तळाशी फिल्मचा तुकडा चिकटवलेली प्लास्टिकची डबी. ती काही महिने टांगून ठेवायची. मी कोर्टात, बँकेत, एसटीच्या ऑफिसात डब्या टांगल्या, तशी एक्स्चेंजमध्येही. तिथल्या सर्वांत जुन्या ऑपरेटरला सगळ्या अक्का म्हणत. अक्कांनी विचारलं, "मॅडम, ह्यात आमचा फोटू निघतो का?"

"तुमचा नाही, हवेचा."

"मग कुनाला हात लावू देत न्हाई," त्या म्हणाल्या.

नंतर फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात ठेवली की वायूतून निघालेले कण जिथं आदळले तिथं बारीक भोकं उमटतात. एक्स्चेंजच्या फिल्मवर ती इतर सगळ्यांपेक्षा दाट निघाली. माझाच विश्वास बसेना. दुसरी डबी टांगली, तरी तेच. जमिनीखालून केबल आणणारा चर त्याच खोलीत उघडत होता.

तिथले साहेब ऐकून गंभीर झाले. "घाबरण्यासारखं आहे का?"

"आज नाही. पण बायका रोज इथंच बसतात."

"मग ही खोली रिपोर्टातून गाळा ना. उगाच बोभाटा होईल."

"साहेब, मोजलंय ते लिहिणारच. तुम्ही एकदा येऊन बघा."

ते खरंच कॉलेजात आले. मायक्रोस्कोपला डोळा लावून आधी बँकेची फिल्म पाहिली, मग त्यांची. "काय करावं लागेल?" एवढंच म्हणाले.

चराचं तोंड सिमेंटनं बुजवलं, एक्झॉस्ट फॅन बसला. मी पुन्हा फिल्म लावली. या वेळी भोकं इतकी विरळ होती की मी लॅबमध्ये एकटीच हसले.

त्या संध्याकाळी घाटनांदूरला वडिलांच्या दुकानात ट्रंककॉल लावला. अक्कांनीच जोडून दिला, पण मला बोलूच देईनात.

"काका, तुमच्या लेकीनं आमच्या खोलीची हवा बदलली. आता दुपारी डोकं जड होत न्हाई."

ते रेडॉनमुळं नव्हतं, बंद हवेमुळं होतं, हे मला ठाऊक होतं. पण मी त्यांना अडवलं नाही. पलीकडं वडील दुकानातल्या गिऱ्हाइकांना मोठ्यानं सांगत होते, "थांबा जरा, बीडहून माझ्या पोरीचा फोन हाय."