हरणाऱ्या टीमचा ढोल

सौदीतल्या अल-खोबरहून रियाधला आमच्या शहराच्या टीमची फुटबॉल मॅच पाहायला निघालेल्या बसमध्ये माझ्या शेजारी राजापूरकडचे एक चाचा मांडीवर ढोल घेऊन बसले होते. बोलतानाही त्यांची बोटं ढोलावर नाचत. स्टेडियमबाहेर पोलिसांनी फर्मावलं, पाहुण्या टीमच्या लोकांनी ढोल बाहेर ठेवायचा आणि मॅचनंतर तासभर आतच थांबायचं. सगळे चिडले. चाचांनी अधिकाऱ्याला अरबीत काहीतरी सुनावलं, तसा तो खो खो हसला.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, आमची टीम इथे कधी जिंकत नाही. हरलेली माणसं कसला दंगा करणार?"

ढोल आत गेला. थांबणं मात्र टळलं नाही. आम्ही हरलोच. रिकाम्या स्टेडियममध्ये चाचांनी ढोलावर असा ठेका धरला, की पहाऱ्यावरचे पोलीसही टाळ्या वाजवू लागले. जिंकलेले लोक तेव्हा पार्किंगमध्ये अडकून एकमेकांवर हॉर्न वाजवत होते.