टायगरच्या घराचं दार

गौरम्माच्या नाकावर राग असतो, हे उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कुणाला सांगावं लागत नाही. तीस वर्षं ती डाळमिलीत तूर चाळते आणि तिची चाळणी थांबली तरी तोंड थांबत नाही, असं हमाल म्हणतात. माघारी म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती आहे?

पण त्या आठवड्यातला राग निराळाच होता. मिलचे मालक शरणप्पा यांनी राखणीला पिल्लू आणलं. नाव टायगर आणि पाय अजून लटपटत होते. त्याच्यासाठी वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याचं घर करून घेतलं, भर उन्हात अंगणात मांडलं, पिल्लू आत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. आठ दिवस कोंडायचं, भाकरीत लाल तिखट कालवून घालायचं, म्हणजे कुत्रं घराला सवकतं आणि अंगावर धावायला शिकतं, हा इथला जुना इलाज. तो कुणाच्या कुत्र्याला लागू पडला, ते मात्र कुणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिल्लाचा आवाज बसला. गौरम्माने पत्र्याला हात लावला तर चटका बसला. ती तशीच मालकाकडे गेली. शरणप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "सवय होईल, गौरम्मा. चार दिवस रडंल अन् गप बसंल."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधराव्या वर्षी ती बिदरकडच्या खेड्यातून इथं नांदायला आली आणि दोनदा माहेरी पळाली. तेव्हा सासूने तिला कडब्याच्या खोलीत कोंडलं आणि शेजारणींना अगदी हेच सांगितलं होतं. गौरम्मा चौथ्या दिवशी गप बसली, हे खरं. घशात आवाजच उरला नव्हता.

तिने जाऊन कडी काढली. मालक चिडले. सोमवारपर्यंत पिल्लू आपणहून त्या घरात झोपलं नाही, तर रेल्वे फाटकापलीकडे सोडून देईन म्हणाले. तो दिवस बुधवारचा होता.

गौरम्माने हमालांना शिव्या घालत ते घर कडुलिंबाखाली ओढायला लावलं, तोंड आपल्या चाळणीकडे केलं. वर ओलं बारदान टाकलं, आत स्वतःचं जुनं लुगडं अंथरलं. दुधात कुस्करलेली भाकरी पहिल्या दिवशी दाराबाहेर ठेवली, दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर, मग एक वीत आत. पिल्लाला बोलावलं नाही की ढकललं नाही. त्याच्याकडे पाठ करून तूर चाळत बसली आणि मालकाला, वेल्डिंगवाल्याला, पिल्लालासुद्धा दिवसभर बोल लावत राहिली. पिल्लाला तो आवाज मानवला. ती पाणी प्यायला थांबली की ते मुंडकं वर करून बघायचं.

रविवारी दुपारी ते जेवलं, लुगड्यावर तीन गिरक्या घेतल्या आणि झोपलं. गौरम्मा तासभर चकार शब्द बोलली नाही. बाईला बरं नाही की काय, म्हणून हमाल विचारून गेले.

सोमवारी मालक आले, आत झोपलेलं पिल्लू बघून खूश झाले. बघ, झाली की न्हाई सवय, म्हणाले आणि हौसेने कडी घातली. पिल्लू दचकून उठलं आणि पत्र्यावर धडका घेऊ लागलं. पाच दिवसांची मेहनत पाण्यात गेली. गौरम्माने हातोडा घेतला, दोन्ही बिजागऱ्या ठोकून काढल्या आणि दार उचलून बाजूला टाकलं. पिल्लू तिच्या लुगड्यामागे जाऊन थरथरत बसलं.

"अगं, कुत्रं पळून जाईल," मालक म्हणाले.

"जाऊ द्या. कडी घालायची तर आठ दिवस तुम्ही बसा आत, अप्पा. तिखट मी घरून आणते."

सगळी मिल ऐकत होती. शरणप्पांनी फाटकाचं नाव पुन्हा काढलं नाही. गौरम्माने भाकरी परत दाराबाहेरून सुरू केली, पहिल्यापासून. दिवस मावळताना पिल्लाने पुढचे दोन पाय आत टाकले, मागचे बाहेरच ठेवले.

तेवढं बघून ती घरी निघाली, हातोडा पदराखाली होता. सासूला जाऊन वीस वर्षं झाली. कडब्याच्या खोलीत आता सरपण असतं, पण दाराची कडी तशीच होती आणि रोज येता-जाता तिला दिसायची. गौरम्माने चप्पलसुद्धा न काढता ती कडी उपटली.