मागाच्या खड्ड्यातलं गाडगं

माझं लग्न ठरलं त्या वर्षी सोलापुरात आवई उठली, की सरकारच्या तिजोरीतलं सोनं बोटीत भरून विलायतेला गेलं आणि नोटा आता नुसते कागद उरले. खरंखोटं देव जाणे. आमची गल्ली तेलुगू विणकरांची. तिथं ज्याच्या त्याच्या तोंडी हेच. वडील मागावर बसल्या बसल्या म्हणायचे, "सोनं हाय म्हणता ना, मग तिजोरीचं दार उघडून दाखवा की."

ही हूल माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्याही कानी गेली. पोरीच्या अंगावर घालणार ते सोनं आधी डोळ्यांनी बघू, मग तिथी काढू, असा त्यांनी निरोप धाडला. मला लई राग आला. मोठे आले बघणारे. पण लग्न मोडलं तर काय, ही धास्तीही होतीच.

आमचं सोनं मागाच्या खड्ड्यात होतं. खड्ड्याच्या काठावर बसून, पाय आत सोडून वडील विणायचे. जिथं त्यांचे पाय टेकत, तिथंच खाली आजीनं गाडगं पुरलेलं. नेमकी जागा तिनं मरताना फक्त माझ्या आईला, अम्माला सांगितली होती आणि अम्मानं आम्हाला.

वडील पहार घेऊन आले, तर अम्मा आडवी आली. "मागावर ताणा चढलाय. तो उतरल्याबिगर खणायचं न्हाई."

आमच्या घरात ही रीत होती खरी. पण वडील भडकले. "तूबी सरकारसारखंच बोलायला लागलीस की."

अम्मा खड्ड्यापुढून हलली नाही. मग मागावरचा उभ्या सुताचा ताणा विणून संपवण्यावाचून इलाज नव्हता. वडील पाठ न टेकता विणत राहिले आणि सुताच्या कांड्या भरून भरून माझी बोटं सोलून निघाली. चौथ्या दिवशी सकाळी शेवटचं लुगडं उतरलं. बघते तर अम्मा नवा ताणा घेऊन हजर. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आजी गेल्यापासून आमचा माग एक दिवस म्हणून रिकामा राहिला नव्हता, आणि आम्ही आपले अम्माला कामसू म्हणून वाखाणत होतो. मी ताणा तिच्या हातातून काढून घेतला.

हातभर खणल्यावर गाडगं लागलं. तोंडाचं फडकं कुजलं होतं, पण आत पाटल्या, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, सगळं जिथल्या तिथं. माझा जीव भांड्यात पडला. वडील तर हसतच सुटले. अम्मानं गाडग्यात हात घालून एकेक डाग चाचपून बघितला.

"मी कधी बघितलंच नव्हतं गं," ती मला म्हणाली. "सासूबाई बोलल्या, मी मान हलवली. खणलं आन न्हाई निघालं, तर तुला काय सांगू? नऊ वर्षं ह्येच भ्या वाटत हुतं."

वडिलांचं हसू थांबलं. त्यांनी पाटल्या धोतरानं पुसल्या आणि तिच्या हातात चढवल्या. व्याही येतील तेव्हा येतील, म्हणाले.

त्या दिवशी माग रिकामाच राहिला. अम्मा पाटल्यांसकट दुपारभर झोपली, आणि आम्ही कुणी तिला उठवलं नाही.