रेगेसाहेबांचे बाण

रेगेसाहेबांना कुणी रस्ता विचारला, की ते आधी भिंतीकडे बघायचे. उल्हासनगरातल्या आमच्या सरकारी रुग्णालयात ते कार्यालय अधीक्षक होते, मी सिस्टर. एखादी म्हातारी म्हणायची, "बाबा, एक्स-रे कुठं?" साहेब म्हणायचे, "बोर्ड वाचा, आजी. माणसाला विचारावं लागलं म्हणजे इमारत नापास." आजीला वाचता यायचं नाही. ती मग मला विचारायची.

जुन्या पाट्या चुकीच्याच होत्या. एक्स-रेचा बाण थेट भांडारात न्यायचा. साहेबांनी नव्या पाट्यांची योजना हाती घेतली. लोक कुणाला न विचारता आपल्या बाणांमागे चालताना निवृत्तीआधी बघायला मिळावेत, एवढीच त्यांची इच्छा. बैठकांवर बैठका झाल्या. प्रत्येक विभागाला पाटी मुख्य दारातच हवी, आणि शेजारच्यापेक्षा मोठी. अखेर हिरवे, ठसठशीत बाण तयार झाले. जुन्या पाट्या भंगारात गेल्या, नव्या लागल्या आणि त्याच दिवशी लाल साटिनने झाकल्या. उद्घाटन व्हायचं होतं ना!

पाहुण्यांची तारीख मिळेना. साटिनवर धूळ बसली.

"साहेब, काढा की पडदे."

"सिस्टर, उद्घाटनाआधी? काही रीत आहे की नाही?" पण आवाज पडलेला होता.

एका दुपारी कॅम्प तीनमधला एक सिंधी जीन्स-कारखानदार सुनेला धरून आत आला. ती कळांनी वाकली होती. "साईं, डिलिव्हरी किधर?"

साहेबांनी सवयीने भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर साटिन.

"अरे, दीवार क्या देखते हो? बोलो ना!"

सून किंचाळली. साहेबांनी हातातली फाइल टाकली. "मेरे पीछे आओ!" म्हणत, हात पुढे ताणून ते धावत सुटले. मागे मी स्ट्रेचर घेऊन. बाळ प्रसूतिगृहात जन्मलं, पण जेमतेम.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी दारात खुर्ची टाकली आणि निवृत्त होईपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला रस्ता सांगितला. निरोपाची शाल त्यांनी झाकलेल्या पाट्यांखालीच घेतली.

उद्घाटन त्यानंतर झालं. साहेबांना बोलवायचं कुणाला सुचलं नाही. पडदा सरकला, टाळ्या पडल्या. प्रसूतिगृह तोवर वरच्या मजल्यावर गेलं होतं आणि त्याच्या जागी भांडार आलं होतं.

हल्ली साहेब बदलापूरहून बीपीच्या गोळ्यांसाठी येतात आणि गोळ्या मिळाल्यावरही दारात रेंगाळतात. परवा एक अवघडलेली मुलगी नवऱ्याबरोबर प्रसूतिगृहाच्या त्या हिरव्या बाणाखाली उभी होती. साहेब लगबगीने पुढे झाले.

"ते वाचू नका," ते म्हणाले. "मला विचारा."