एका सुरातलं 'हो'

वर्गात 'समजलं का?' असं विचारलं की आमच्याकडं एकच उत्तर येतं. 'हो मॅडम!' सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, आणि तोही माझा प्रश्न पुरता व्हायच्या आत. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीपासून अंगात मुरलेली सवय आहे ती. बाई विचारतात, आपण हो म्हणायचं, बाई पुढच्या पानावर जातात, सगळे सुटतात. मीही बारामतीच्या शाळेत असंच हो म्हणत म्हणत एम.एस्सी.पर्यंत पोचले. मग पोरांना कोणत्या तोंडानं बोलू?

मी रसायनशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, आणि दर जूनला नव्यानं मुलाखत. जावई जुना झाला तरी दर वर्षी त्याला पुन्हा बघायला बोलवावं, तसा प्रकार. घर बारामतीत, कॉलेज इंदापूर तालुक्यात. रोज सकाळी एसटी धरायची, जागा मिळाली तर बसायचं, नाहीतर लासुर्णेपर्यंत दांड्याला लटकायचं. इतकी वर्षं गेली, त्या रस्त्यावरचा कुठला खड्डा कधी बुजवला आणि कधी परत उघडा पडला, हेही मला पाठ झालंय.

त्या वर्षी गणपतीच्या आधी आम्हा शिक्षकांचंच एक प्रशिक्षण झालं. विषय काय, तर वर्गातलं अध्यापन कसं सुधारावं, विद्यार्थ्यांना बोलतं कसं करावं. पुण्याहून एक तज्ज्ञ आले होते. विद्यार्थ्यांना बोलतं करण्यावर ते सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत एकटेच बोलले. पडद्यावर चित्रं येत होती, जात होती, मागच्या रांगेतले दोघं चक्क पेंगत होते. शेवटी त्यांनी विचारलं, 'समजलं ना सगळ्यांना?' आणि आम्ही सगळे प्राध्यापक एका सुरात म्हणालो, 'हो सर!' मला इतकं हसू फुटलं की ठसका लागल्याचं सोंग करून बाहेर पळावं लागलं.

बाहेर नळावर तोंड धुताना मात्र हसू गेलं आणि राग आला. कोणाचा, ते सांगता येणार नाही. सगळ्यांचाच.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाच्या वर्गात गेले आणि सांगून टाकलं, 'आजपासून माझ्या तासाला हो बंद. समजलं असेल तर गप्प बसा. नसेल समजलं तर नाही म्हणा. मी कोणाला खाणार नाही.' पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मी शिकवलं, विचारलं, सगळं चिडीचूप. दुसऱ्या दिवशीही तेच. 'अगं बाई, सगळेच हुशार निघाले की! मग मी कशाला येते रोज धक्के खात?' असं मी म्हणाले, तरी कुणी तोंड उघडेना. अहो, उघडणार तरी कसं? दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली पोरं. पुस्तक इंग्रजी, प्रश्नपत्रिका इंग्रजी. काय समजलं नाही हे सांगायलासुद्धा आधी थोडं समजावं लागतं.

मग समतोलाचा धडा आला. रसायनात समतोल म्हणजे काय, तर क्रिया थांबत नाही. इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं असं सारख्याच वेगानं होत राहतं, म्हणून वरून बघणाऱ्याला काहीच बदलत नाही असं वाटतं. हे मी फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, तोंडानं मराठीत सांगितलं, आणि विचारलं, 'समजलं?'

तिसऱ्या बाकावरून आवाज आला, 'न्हाय.'

सगळा वर्ग फिसकन हसला. नाही म्हटल्याचं हसू वेगळं आणि 'न्हाय' म्हटल्याचं वेगळं. तालुक्याच्या गावातली पोरं शेळगावच्या पोरीला हसत होती. जणू ह्यांच्या घरात सगळे पुण्याचंच बोलतात! माझं डोकं फिरलं. खडू पुढं केला आणि म्हणाले, 'ज्याला हसू आलं त्यानं इथं यावं आणि हिला समजावून सांगावं. या ना!' खडू तसाच धरून मी उभी राहिले. एकही वीर उठला नाही.

ती मात्र उभीच होती. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, पण खाली बसली नव्हती. 'काय नाही समजलं, सांग,' मी म्हणाले.

'मॅडम, चालूच हाय म्हणता. मग बदलत का न्हाय?'

किती वर्षं तोच धडा शिकवते आहे, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी पुस्तक मिटलं. म्हटलं, 'तू ज्या एसटीनं येतेस ना, ती थांब्याला उभी राहिली. पाच माणसं उतरली, पाच चढली. आतली माणसं किती?' 'तेवढीच.' 'मग चढ-उतार थांबली होती का?' ती डोळे बारीक करून माझ्याकडं बघत राहिली, आणि एकदम तिचा चेहरा उजळला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक पोरगा बोलला, 'आणि मॅडम, चढणारी वाढली तर?' आता हा तर पुढचाच धडा! त्यानं आपल्या तोंडानं मागितला. त्या दिवशी घंटा झाली तरी कोणी दप्तर उचललं नाही.

मग काय, वर्गाला कंठ फुटला. 'न्हाय मॅडम', 'परत सांगा मॅडम', 'हे कुठनं आलं मॅडम'. एका एका ओळीवर अर्धा तास जायला लागला. पोरं भांडायची, फळ्यावर येऊन चुकायची, पुसायची, परत लिहायची. मी घरी जाताना घसा बसलेला असायचा आणि मनातून फार बरं वाटत असायचं. सासूबाई म्हणायच्या, 'आज काय सापडलं वाटेत?'

ती पोरगी शेळगावला माझ्याच एसटीत चढायची. गर्दीत उभं राहून आमचं बोलणं व्हायचं. घरातली ती कॉलेजात आलेली दुसरी. थोरली बहीण पहिल्या वर्षाला दोन विषयांत राहिली आणि तिथंच तिचं शिक्षण मिटलं. आता ती भावाच्या ओळखीनं बारामतीच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते. फी भाऊच भरतो. 'आमच्यात शिकायला कोन न्हाय म्हनत न्हाय मॅडम,' ती म्हणाली. 'आजा-पणज्यापासनं शिकाच म्हनत्यात. पण दादानं सांगितलंय, एक जरी विषय राहिला तर ताईच्या शेजारी उभी करतो. रोज कंपनीची गाडी येतीच न्यायला.' तिनं हे रडून सांगितलं नाही. तिकीट काढताना सुटे पैसे मोजावेत तसं सांगितलं. मी म्हणाले, 'राहतोय कसा विषय? तुला कळतंय सगळं.' ती हसली.

कळत होतं, हे खरं. पण किती? प्रवेश लांबत लांबत वर्ग भरला होता पाऊस निम्मा सरल्यावर. मग गणपती, मग युवा महोत्सव, मग तपासणी समितीची तयारी, तिच्यासाठी भिंती रंगवायच्या म्हणून दोन दिवस वर्ग बंद. दिवाळी तोंडावर आली तेव्हा शेजारच्या तुकडीचा अभ्यासक्रम संपत आला होता आणि माझा निम्म्यावर होता.

विभागप्रमुखांनी बोलावलं. माणूस वाईट नाही हो, आयुष्यभर इमानानं शिकवत आलेला. मला चहा दिला, म्हणाले, 'मॅडम, तुमचा वर्ग बाहेरून ऐकतो मी. फार छान चाललंय. पण पेपर काढणारा तुमच्या वर्गात बसत नाही ना.' मी म्हणाले, 'सर, अर्धं तरी पक्कं होऊ द्या.' ते म्हणाले, 'पोरंच आली होती माझ्याकडं. पाच-सहा जण. धडे राहतील म्हणून घाबरलीत.'

त्या दिवशी परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, 'मॅडम, मी पण गेलते सरांकडं.'

'तू?' माझा आवाज चढला. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं मागं वळून बघितलं. 'तू गं? तुझ्यासाठी सगळा वर्ग थांबवला मी!'

'तुमी सांगितलेलं सगळं कळतंय, मॅडम. पण निम्मंच कळलं तर निम्म्याचंच मार्क पडतील नव्हं?' ती खाली मान घालून बोलत होती. 'दादाला काय सांगू? निम्मं लई चांगलं कळलंय म्हनून सांगू?'

राग आला का? आला. वाईट वाटलं का? तेही वाटलं. पण ज्याचं जळतं त्याला कळतं. मी उद्या नापास झाले तरी मला कोणी पॅकिंगला उभी करणार नव्हतं. शेळगाव आलं, ती उतरली, आणि खालून हात हलवायला उभी राहिली. मी हात हलवला.

विभागप्रमुखांनी उरलेले धडे एका नव्या शिक्षकाला दिले. बारामतीत खासगी क्लासमध्ये शिकवून आलेला, तरणाबांड, तोंडाचा पट्टा असा की श्वास कधी घेतो कळू नये. त्याला तरी काय बोलावं? त्यालाही जूनची मुलाखत आहेच. माझ्याकडं फक्त प्रयोगशाळा राहिली. प्रयोगशाळा आणि तो वर्ग ह्यांच्या मधे एक दार आहे, त्याला कधी कडी लागत नाही. मी काचेच्या नळ्या धुवायची आणि पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, 'समजलं का?' बाकीचे हो म्हणाले, आणि पाठोपाठ तिचा आवाज आला, 'न्हाय सर.' माझा हात नळाखाली तसाच राहिला. तो चिडला नाही. उलट गोड आवाजात म्हणाला, 'तास संपला की भेट हं, सांगतो.' पण तास संपला की शेळगावची एसटी असते, ती गेली की मग दोन तास गाडी नाही. ती भेटली नसणार. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दाराजवळ उभी राहिले. 'समजलं का?' 'हो सर!' तिसऱ्या दिवशीही तेच. मग मी दाराजवळ उभं राहणं सोडून दिलं.

एसटीत ती आता छापील उत्तरांची झेरॉक्स घेऊन बसायची. ओठ हलत असायचे. एकदा न राहवून मी म्हणाले, 'आण इकडं ते, कुठं अडलंय बघू. शेळगाव येईपर्यंत सांगते.' तिनं कागद छातीशी धरले. 'आता नको मॅडम. समजून घेत बसले तर पाठ व्हायचं न्हाय.' कंडक्टर 'पुढं सरका, पुढं सरका' करत आला आणि मला पुढं सरकावं लागलं.

त्या वर्षी पुढं वर्ग काही माझ्याकडं परत आला नाही. मागच्या बाकावरचा तो पोरगा, ज्यानं चढणारी वाढली तर काय असं विचारलं होतं, तो दिवाळीनंतर यायचाच बंद झाला. मोबाईलच्या दुकानात लागला म्हणे. जूनच्या मुलाखतीत मला विचारलं, 'मॅडम, या वर्षी अभ्यासक्रम वेळेत होईल ना?' मी हो म्हणाले. मला तास मिळाले.

निकाल लागल्यावर ती प्रयोगशाळेत आली. नवा ड्रेस, हातात पेढ्यांचा पुडा. 'मॅडम, सगळ्यात पास झाले! दादानं स्वतः आनले पेढे. दुसऱ्या वर्षाची फी पन भरली.' तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझ्याही आलं. खोटं कशाला बोलू, मला मनापासून आनंद झाला. गाडी दारात येणार नव्हती. पोरगी वाचली होती. मी तिला जवळ घेतलं, पाठीवर थाप मारली, 'शाब्बास गं माझी बाई!' म्हणाले.

तिनं पेढा पुढं केला. मला गप्प बसायला पाहिजे होतं, पण मास्तरणीची खोड. पेढा हातात घेता घेता मी विचारलं, 'आणि ते शेवटचे धडे, ते नंतर कधी समज...'

'हो मॅडम,' ती म्हणाली.

माझा प्रश्न अजून पुरता व्हायचा होता. सूर तोच होता, सगळ्या वर्गाचा. ती हसत होती आणि मी पेढा कधी खाते याची वाट बघत होती. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, 'जा आता, एसटी चुकेल.'